ऌचा कप्पा

बाई, एकूण किती लागतात?
पहिल्याच शनिवारी विचारलं मी,
खरेदी विभागातल्या सवयीने,
दर काय, माल कधी, तसं.

एरंडवण्यात दुसऱ्या मजल्यावर वर्ग, खाली पोळीभाजी केंद्र.
माझ्या पहिल्या चिनी अक्षरांना म्हणून फोडणीचा वास आहे.
बिडकर बाईंनी खडू खाली ठेवला.
शंभर आली की छापील पानातली पाचातली दोन ओळखीची.
हजार आली की दहातली नऊ.
आणि उरलेलं एक, त्या म्हणाल्या,
नेमकं तेच आपल्याला सांगायचं असतं.

तापकीर गल्लीतला तौफिक मागून म्हणाला,
मला चाळीस बास.
पडदा, बॅटरी, असली, नकली, परत घ्या.

मी मोजत गेले.
चौकटींच्या वहीत, चाकणच्या बसमध्ये गुडघ्यावर बोटाने.
एकशे वीस. तीनशे चार.
घाई आणि विसर यांत तेच दोन तुकडे, हृदय आणि मरण,
एकात शेजारीशेजारी, दुसऱ्यात एकावर एक.
हे कळलं त्या दिवशी डबा बसमध्येच राहिला.

दिवाळीनंतर सहाशे बारा झाली
तेव्हा ठरवलं, वाण्याची यादी चिनीत करू.
मीठ आलं. साखर आली.
आलं आलं.
हळदीपाशी हात थांबला.
राजधानी येते मला, अर्थव्यवस्था येते,
आंतरराष्ट्रीय तर झोपेत लिहीन,
हळद नाही. जिरं नाही.
दोन देशांच्या संबंधांवर चार ओळी, हव्या तेव्हा.
पोहे नाहीत.
तेवढ्यात आत मिरची तडतडली
आणि अण्णा शिंकले, सलग तीनदा.

बाई, शिंक कशी लिहायची?
सात वर्षं तिकडे राहिलेला हात फळ्याकडे गेला,
डावीकडे तोंडाची चौकट काढली
आणि खडू हवेतच.
खालून कुकरची शिट्टी.
बाईंनी मोबाइल काढला, उच्चार टाकला,
मोबाइलने अक्षर दिलं, सतरा रेघांचं.
तिकडचेही अडतात इथे, त्या म्हणाल्या.
शिंकतात सगळे. लिहितं कोण?

घरी अण्णांना सांगितलं.
एकेचाळीस वर्षं नारायण पेठेत खिळे जुळवले त्यांनी.
अंगठा आणि दोन बोटं लगेच हवेत फिरली,
वर, पोटाशी, उजवीकडे,
शिंक जुळवून झाली, मी बघेपर्यंत.
बाराखडी बाराखडी करता तुम्ही,
माझ्यापुढे साडेचारशे घरं होती,
द्ध वेगळा, ह्म वेगळा, ष्ट्र तर त्या टोकाला.
काना आणि अनुस्वार हाताशी.
ङ झिजून गेला दोनदा, पुण्यात वाङ्मय फार.
ऌ मात्र कुणी मागेना.
त्याच्या कप्प्यात मी सुपारी ठेवायचो.

मग?

मग एकदा कुणा शास्त्रीबुवांचं व्याकरण आलं.
सुपारी उपसली. खाली एकच खिळा.
बाकीचे सगळे झिजलेले, हा कोरा,
केसभर उंच.
पानावर तोच सगळ्यांत ठळक उठला.
शास्त्रीबुवा खूश. मालक म्हणाले, दाब कमी करा.

रात्री सतरा रेघा चौकटीत बसवल्या.
बसल्या नाहीत. शेजारच्या घरात पाय गेला.
शिंकेला तीन अक्षरं लागतात,
त्यातलं पहिलं येत होतं.
सहाशे चौदा.

पुढच्या शनिवारी हळद विचारली, धीर करून.
बाई हसल्या. आलं येतं ना?
येतं.
पिवळा?
तो तर दुसऱ्याच आठवड्यात.
मग लिही, शेजारीशेजारी.

लिहिलं.
वहीच्या कोपऱ्यातला आकडा खोडायला पेन्सिल उलटी केली,
तशीच ठेवली.
सहाशे चौदाच.